रकाना अकरा

फॉर्मवर अकरावा रकाना :
व्यसन आहे काय? असल्यास कधीपासून?
उत्तराला जागा दोन बोटं.
नाशिकरोडच्या तुरुंगात सतरा वर्षं
मी त्यात मावेल तेवढंच लिहीत आले.
दारू, नऊ वर्षं.
गांजा, लहानपणापासून.
बटन, सांगत नाही.

भगीरथ लोंढे, वय एकोणचाळीस,
अंबडच्या बंद कारखान्यातली तांब्याची तार चोरली म्हणून आत.
स्टुलावर बसला तर गुडघे असे हलत होते
जसं कुणी आतून कडी वाजवतंय.
कधीपासून?
सिस्टर, कुठनं मोजू?

मोजलं त्यानं. तीन रात्री लागल्या,
दोन उलट्यांच्या मधे जेवढी सवड मिळेल तेवढ्यात,
आणि सरळ नाही, उलटं.
बायको गेली त्याच्या आधी दारू.
दारूच्या आधी झोपेची गोळी,
कारण त्याच्या आधी जागं राहायची गोळी,
ती सातपूरला कंत्राटदारच द्यायचा,
दोन पाळ्या सलग मारल्या की चहाबरोबर, फुकट.
त्याच्या आधी पंक्चरचं सोल्यूशन, फडक्यात,
शाळेमागं, बारा वर्षांचा असताना.
त्याच्याही आधी?
तिथं तो हसला. ओठ फाटले होते, रक्त आलं.

सिन्नरला आई विड्या वळायची.
मजुरी हजाराला. हजार पुरे व्हायचे तर
पोर झोपलेलं पाहिजे.
बोटाच्या टोकावर तिळाएवढी अफू
आणि ते बोट तोंडात.
मांडीवर सूप, सुपात पानं, हवेत तंबाखूची भुकटी,
मांडीला लागून मी.
शेजारणी म्हणायच्या, काय गुणाचं लेकरू,
आवाज म्हणून नाही.

आम्हाला शिकवलंय :
गोळी आपल्या हातानं द्यायची, पाणी आपल्यासमोर,
मग आ कर, जीभ वर, गाल दाखव.
बराकीत एका गोळीला चार विड्या मिळतात.
मी सगळ्यांच्या जिभेखाली बघितलंय.
एवढं खाली कधी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री त्याला मुंग्या दिसायला लागल्या.
मग मुंग्याही गेल्या
आणि त्याची बोटं चादरीवर चालू लागली.
पान कापल्यासारखं, चिमूट पसरल्यासारखी,
गुंडाळून, टोक दुमडून, दोरा ओढून.
चारशे बारा, तो पुटपुटत होता, चारशे तेरा.
मी त्याची नाडी मोजत होते.
दोघांचे आकडे एकमेकांत मिसळले,
मला पुन्हा सुरुवात करावी लागली.

दारातून शिपाई म्हणाला,
सिस्टर, झोपवा ना याला. साहेबांचा राउंड आहे.

झोपवायला हवंच होतं. ते औषधच आहे,
न देता फिट आली असती, मेलाही असता.
मी सिरिंज भरली, बुडबुडा काढला,
शीर शोधायला त्याच्या दंडावर बोट टेकवलं
आणि बोट तिथंच राहिलं, क्षणभर.
बाहेर मालगाडी देवळालीकडं गेली, डबे संपेचनात.
मग दिलं.
चारशे एकोणीसला तो थांबला.
साहेब आले, पाहून म्हणाले, छान, शांत आहे वॉर्ड.

पहाटे मी बेसिनपाशी मशेरी लावली, रोजच्यासारखी.
सातव्या वर्षापासून लावते.
मला कुणी फॉर्म भरायला लावलेला नाही.

रकाना अकरात शेवटी काय लिहू?
‘जन्मापासून’ लिहिलं तर डॉक्टर ओरडतात,
‘आईपासून’ लिहिलं तर ती गुन्हेगार ठरते,
कंत्राटदाराला तर फॉर्मवर रकानाच नाही.
रेघ ओढली.

मंगळवारी ती आली मुलाखतीला,
सिन्नरहून एसटीनं, घोट्यांवर सूज,
उजव्या हाताची पहिली दोन बोटं तपकिरी, कायमची.
त्याला अजून उभं राहवत नव्हतं,
म्हणून निरोप द्यायला मी गेटपर्यंत गेले.
तब्येत विचारेल, जामीन विचारेल, वाटलं होतं.
जाळीला बोटं लावून तिनं एवढंच विचारलं :
झोपतो का गं नीट?

झोपतो, मी म्हणाले.